काकांचा हाँगकाँगचा पेला: गेंड्याचं शिंग की रेड्याचं?

मालवणची_पुतणी:
आमचे मोठे काका बोटीवर होते. १९६८ साली त्यांनी हाँगकाँगहून एक कोरीव पेला आणला. वीतभर उंच, काळपट तपकिरी, बाहेरून पाइनच्या फांद्या, त्याच वळून मूठ झालेली. घरात सगळे त्याला गेंड्याचं शिंग म्हणतात. गेल्या महिन्यात डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात तसेच चिनी चषक पाहिले आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. खरा कसा ओळखायचा? एकाने तापलेली सुई टोचून वास घे म्हणून सांगितलंय.

सह्याद्रीकर:
सुई लावू नका! रेड्याचं शिंग काय, गेंड्याचं काय, दोन्ही केराटिन, म्हणजे नखा-केसांचंच द्रव्य. जळका वास सारखाच येणार, भोक मात्र कायमचं राहणार. आणि खरा निघाला तरी विकायचा विचार नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गेंड्याच्या शिंगाच्या व्यापाराला बंदी आहे.

फणीवाल्याचा_नातू:
आजोबा रेड्याच्या शिंगाच्या फण्या करायचे, त्यामुळे शिंग हातात घेऊन वाढलोय. रेड्याच्या शिंगाच्या आत हाड असतं. ते काढलं की शिंग पोकळ, भरीव फक्त टोकाकडे. शिवाय ते थराथरांचं असतं, जुनं झालं की पापुद्रे सुटतात. गेंड्याच्या शिंगात हाड नसतंच. केसांसारखे तंतू उभे, गच्च दाबून बसलेले. म्हणून भिंतीवर बारीक उभ्या रेषा दिसतात आणि आडव्या कापावर ठिपके, केरसुणीची मूठ कापल्यासारखे. पेल्याचा तळ भिंगाखाली धरून बघ.

चिनी कारागीर शिंग उलटं धरत. नाकाकडचा रुंद भाग म्हणजे पेल्याचं तोंड, निमुळतं टोक म्हणजे बूड. मला सगळ्यात थक्क करतं ते हे की फांदी, पान, मूठ काहीही वरून चिकटवलेलं नसायचं. एकाच शिंगातून नको तेवढं काढत जायचं. फणीचा एक दात मोडला की आजोबा दुसरी फणी घ्यायचे. तिथे एक फांदी तुटली की अख्खं शिंग गेलं, आणि शिंग यायचं समुद्रापलीकडून. मिंग आणि छिंग या चिनी राजघराण्यांच्या काळात या कामाला मोठा मान होता. चीनमधल्या वूशी शहराचा यू नावाचा कारागीर १७व्या शतकात इतका गाजला की लोक त्याला ‘गेंडाचषक यू’ म्हणत.

मुळात पेलेच का? चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी लेखकाने लिहून ठेवलंय की या शिंगाने विषारी रस ढवळला तर पांढरा फेस येतो. म्हणजे पेल्यातलं विष या शिंगाने ओळखू येतं, ही समजूत पुढे शतकानुशतकं टिकली. गेंड्यांना ती फार महागात पडली, हे चषक बघताना मला विसरता येत नाही.

मालवणची_पुतणी:
भिंग लावलं. ठिपके नाहीत. तळाला वेगळी चकती बसवलीय आणि काठाला कांद्यासारखे पापुद्रे दिसतायत.

फणीवाल्याचा_नातू:
मग रेड्याचंच. पोकळ शिंग, म्हणून बूड बसवावं लागलं. पण फांद्यांच्या मागे बोट फिरवून बघ. साच्यातून काढलेला असेल तर शिवण लागेल. नसेल, तर कुणीतरी दिवसेंदिवस बसून हाताने कोरलाय. उन्हात ठेवू नकोस, पापुद्रे वाढतील. आणि पावसाळ्यात कपाटातून काढून बघत जा, शिंगाला कसर लागते.