रिकी मार्टिनवर ४० मिनिटांचा कार्यक्रम: कुठली गाणी घ्यावीत?

गंगापूररोडकर: कॉलेजच्या गॅदरिंगसाठी हवंय. निवेदन, नाच आणि एका गाण्यावर नाशिक ढोल. हा गायक स्पॅनिशमधून इंग्रजीत आला तो टप्पा ठळक दिसायला हवा.

जुनी_कॅसेट: मेनुडो या बॉय बँडमधली त्याची वर्षं (१९८४ ते ८९) दोन मिनिटांत उरका. रेंगाळायचं ते 'मारिया'वर. इथे हमखास घोळ होतो. १९९५च्या अल्बममधलं मूळ गाणं संथ, फ्लामेंको (स्पेनचं पारंपरिक संगीत) वळणाचं आहे. लोक नाचतात तो पाब्लो फ्लोरेसचा रिमिक्स. चुकीची फाइल लावलीत तर स्टेजवर बोंब. मग फेब्रुवारी १९९९च्या ग्रॅमी पुरस्कार सोहळ्यातलं त्याचं गाणं, माझ्या मते सगळं तिथेच फिरलं. मे महिन्यात इंग्रजी अल्बम आला आणि 'लिव्हिन ला विदा लोका' अमेरिकेत ५ आठवडे पहिल्या क्रमांकावर. १९९१ आणि १९९९, दोन्ही अल्बमचं नाव 'रिकी मार्टिन'च आहे, तेव्हा निवेदनात साल सांगाच.

पंचवटी_ढोल: ढोल 'ला कोपा दे ला विदा'ला घ्या, १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाचं गाणं. कडव्यात फक्त ताशा, तोही हलक्या हाताने, ढोल ध्रुवपदाला. सलग वाजवलात तर ट्रम्पेट गडप. 'विदा लोका'ला मात्र नको, मिनिटाला साधारण १७८ ठोके, ढोलाची काडी, म्हणजे टिपरू, मागे पडतं.

गंगापूररोडकर: ढोल ट्रॅकवरच वाजणार. लय सुटली तर?

पंचवटी_ढोल: सुटणारच, ढोलवाल्यांना ट्रॅक ऐकूच येत नाही. एक मॉनिटर स्पीकर ताशेवाल्याकडे तोंड करून ठेवा, बाकीचे त्याच्याकडे बघून वाजवतील.