आखातातल्या शाळेची ऑफर आली: पैसा मिळेल, करिअरचं काय?

नीलिमा (रामबाग, इंदूर)

आपल्या इंदूरच्या मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात सुदामा नगरच्या एका मुलीनं विचारलं होतं. शारजातल्या एका शाळेत गणित शिकवायची ऑफर आहे, सीबीएसईचा अभ्यासक्रम, महिना ४,२०० दिरहॅम, राहायची सोय शाळेची, वर्षाला एक विमानाचं तिकीट. इथली नोकरी सोडू का? त्यावर अभिनंदनाची रांग लागली. करार नीट वाचलास का, हे कुणीच विचारलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आखातात मी बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. आधी सीबीएसईची शाळा, नंतर ब्रिटिश अभ्यासक्रमाची. पैशासाठी जायचं तर खुशाल जा, पण करिअर घडेल म्हणून जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-दोन वर्षांच्या करारांना आपल्याकडे सर्रास करिअर म्हणतात आणि त्याची किंमत परत आल्यावर कळते.

आधी पगाराची फोड बघा. ४,२०० पैकी मूळ पगार किती? पुष्कळदा तो निम्म्याहून कमी दाखवलेला असतो, बाकी सगळे भत्ते. यूएईच्या (संयुक्त अरब अमिराती, शारजा-दुबई त्यातलेच) कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या ५ वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. पण पगार म्हणजे फक्त मूळ पगार. समजा मूळ १,८०० असेल, तर एका वर्षाचे १,२६० दिरहॅम झाले, ५ वर्षांचे ६,३००. तेच पूर्ण ४,२०० वर धरलं असतं तर १४,७०० झाले असते. आणि म्हातारपणाची तिथली सोय काय ती एवढीच. पेन्शन नाही, पीएफ नाही. भारताचे सामाजिक सुरक्षेचे करार जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा अशा देशांशी आहेत, आखातातल्या एकाही देशाशी नाहीत. इथल्या ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शनला किमान १० वर्षांची नोकरी लागते, त्यात तिथलं एकही वर्ष धरलं जात नाही.

दुसरं, वर जायची वाट. ब्रिटिश शाळेत आल्यावर मला वाटलं होतं की आता विभागप्रमुख होता येईल. तिथे इंग्लंडचं क्यूटीएस, म्हणजे शिक्षक असल्याची तिथली अधिकृत मान्यता मागतात. ऑनलाइन होणारं आंतरराष्ट्रीय पीजीसीई हे शिक्षकांचं प्रमाणपत्र खिशातले पैसे घालून केलं तरी त्यातून क्यूटीएस मिळत नाही. सकाळी स्टाफरूमच्या दारावर कव्हरची यादी लागायची, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाला कुणी जायचं त्याची. त्या यादीत आम्हा भारतीय बायकांची नावं ज्या नेमानं यायची, त्यावरूनच शाळा आम्हाला कुठल्या पायरीवर धरते ते समजायचं. माझ्याच इयत्तेला, तेवढेच तास घेणारा सहकारी ‘ओव्हरसीज हायर’ होता, म्हणजे थेट परदेशातून नेमलेला. त्याला घरभाडं, मुलांची फी, बायकोचं तिकीट. मी तिथल्याच दुसऱ्या शाळेतून आले म्हणून ‘लोकल हायर’. भौतिकशास्त्र दोघांचं एकच.

आणि तिसरं, परत येणं. इंदूरच्या शाळेत मुलाखतीला बसलं की विचारतात, “मधली वर्षं तिकडे होतात, मग आता आमचा बोर्डाचा निकाल सांभाळाल का?” पगार सुरुवातीच्या टप्प्यावर. सरकारी भरतीची वयोमर्यादा तोवर उलटून गेलेली असते.

---

मयूरेश (अबूधाबी, मूळचा लोकमान्य नगर)

नीलिमाताई, आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष मला अजिबात पटला नाही. तुम्ही आखाताची तुलना कशाशी करताय? इंदूरच्या ज्या खासगी शाळेत मी होतो, तिथे पगारपत्रकावर सही एका आकड्यावर आणि हातात वेगळाच. बँकेत जमा झालेल्यातले काही हजार दर महिन्याला रोखीनं परत द्यावे लागायचे. मे-जूनचा पगार नाही. पीएफ कागदावर. ही करिअरची शिडी सोडून मी काय गमावलं?

इथे २००९ पासून वेतन संरक्षण प्रणाली आहे. पगार बँकेतून, मंत्रालयाच्या नोंदीत. उशीर झाला तर तो सरकारला दिसतो. आयकर नाही. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की घरी जाणारी रक्कम आपोआप वाढते. २०२३ पासून नोकरी गेल्याचा विमा सक्तीचा झाला. मूळ पगार १६,००० पर्यंत असलेल्यांना महिन्याला ५ दिरहॅम हप्ता, आणि काढून टाकलं तर अटी पूर्ण करणाऱ्याला मूळ पगाराच्या ६० टक्के, ३ महिन्यांपर्यंत. इंदूरच्या कुठल्या खासगी शाळेत मास्तराला असं काही आहे?

आईवडिलांचं लोकमान्य नगरचं घर मी कर्जमुक्त केलं. धाकट्या बहिणीचं इंजिनिअरिंग इथल्या पगारावर झालं. याला करिअर म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

---

नीलिमा

मयूरेश, घर सोडवलंस, बहिणीला शिकवलंस, मनापासून कौतुक. इथल्या शाळांबद्दल तू लिहिलंस तेही खरंच आहे. पण तू सांगितलंस ते सगळं मिळकतीचं. पुढच्या वर्षी तू त्या शाळेत असशील की नाही, हे तुला कधी कळतं? विमा काढून टाकल्यावर ६० टक्के देतो, तेही मूळ पगाराचे. परत मूळ पगारच आला बघ.

---

सुहासकाका (राजेंद्र नगर)

मी सरकारी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. नीलिमा म्हणते त्यात तथ्य आहे. माझ्याबरोबरचे दोघे नोकरी सोडून मस्कतला गेले होते. त्यांनी भरपूर कमावलं, नाही म्हणत नाही. पण आज औषधपाण्याचा खर्च आला की मला पहिली तारीख आहे, त्यांना मुदत ठेव मोडावी लागते. शिक्षकानं पात्रता परीक्षा देऊन सरकारी नोकरीत शिरावं आणि टिकून राहावं.

---

अनघा (वैशाली नगर)

काका, आदर ठेवूनच सांगते. तुमची पेन्शन आमच्या पिढीला नाहीच. मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ नंतर लागलेले सरकारी शिक्षकसुद्धा एनपीएसवर आहेत, म्हणजे जुन्या ठरलेल्या पेन्शनऐवजी स्वतःच्या खात्यात साठणाऱ्या पैशांवर. एनपीएसमध्ये तर अनिवासी भारतीयालाही पैसे भरता येतात. मग शारजात राहून तिनं स्वतःच एनपीएस भरला तर काय बिघडलं?

शिवाय भरती निघेल कधी, निकाल लागेल कधी, नेमणूक मिळेल कधी, याची वाट बघत माझ्या मैत्रिणी तिशीला आल्या. त्या मधल्या काळात अकराशे रुपयांच्या वाढीसाठी संचालकांच्या केबिनबाहेर उभं राहायचं, त्यापेक्षा दोन वर्षं स्वतःच्या हिमतीवर परदेशात राहणं मला लाखपटीनं बरं वाटतं. नीलिमाताई, तुमच्या लिहिण्यात हे कुठेच आलं नाही. एकट्या मुलीनं स्वतःच्या पगारावर स्वतःचं घर चालवणं हीसुद्धा मिळकत आहे आणि ती ग्रॅच्युइटीत मोजता येत नाही.

---

संजय (पूर्वी दुबई, आता स्कीम ५४)

पगारावर सगळे बोलताय, घराबद्दल कुणीतरी बोला. बायको शिक्षिका, मी तिच्या व्हिसावर गेलो. कुटुंबाला बोलवायचं तर पगार ४,००० दिरहॅम लागतो, किंवा ३,००० आणि वर राहायची जागा. ते बसलं. पण मला कामाचा परवाना मिळेपर्यंत मी घरी, आणि घर म्हणजे शाळेनं दिलेली जागा, तिथे चार शिक्षिका एका मजल्यावर. ‘राहायची सोय शाळेची’ या शब्दांत काय दडलंय ते आधी विचारा. स्वतंत्र फ्लॅट, की दोघीत एक खोली? कुटुंब चालतं का?

मग मुलगा आठवीत असताना परत आलो. तिकडे तिसरी भाषा अरबी आणि इकडे एकदम संस्कृत. एक वर्ष त्याचं फार हलाखीत गेलं.

आणि म्हातारे आईवडील. २०१९ च्या जुलैत इंदूरहून थेट दुबईचं विमान सुरू झालं तेव्हा आम्हाला केवढा आधार वाटला होता. पण आई पडली तेव्हा सत्र चालू होतं. विमान मिळतं, रजा मिळत नाही.

---

वसुधा (तिलक नगर)

मी इंदुरातल्या एका शाळेची प्राचार्य आहे, नेमणुका करते. परत आलेल्यांना कुणी विचारत नाही, हे नीलिमाचं म्हणणं मला सरसकट मान्य नाही. माझ्यासमोर दोन प्रकारचे अर्ज येतात. एकीनं आखातातल्या सीबीएसई शाळेत तेच पुस्तक, तसेच तास शिकवले. तिचा अनुभव इथल्या अनुभवाइतकाच, ना कमी ना जास्त. दुसरीनं केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेचे प्रात्यक्षिकाचे पेपर हाताळलेत, आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या कार्यशाळा केल्यात, मुलांचं अंतर्गत मूल्यमापन कसं नोंदवायचं ते तिला येतं. तिला मी जास्त पगार देते, कारण आता इंदूर-भोपाळकडेही या बोर्डांच्या शाळा आहेत आणि शिक्षक मिळत नाहीत. त्यामुळे ‘परदेशी शाळा’ असा एकच गठ्ठा करू नका. कुठलं बोर्ड, ते बघा.

क्यूटीएसबद्दल. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षित शिक्षकांना त्यासाठी थेट इंग्लंडकडे अर्ज करता येतो. अट अशी की गणित, विज्ञान किंवा भाषा, आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवायची पात्रता हवी. सुदामा नगरची मुलगी गणिताची आहे ना? मग तिच्यासाठी दार नीलिमाच्या काळाइतकं बंद नाही.

कागदांचं मात्र सांगते, कारण इथे मुली फार अडकतात. यूएई अपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या करारात नाही, ओमान आणि बहरीन आहेत. म्हणजे शारजासाठी पदवी आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्यानंतर यूएईच्या दूतावासाकडून प्रमाणित करावी लागते. यात आपल्या मराठी घरांतली नेहमीची अडचण: देवी अहिल्या विद्यापीठाच्या पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, काहींचं तर पहिलं नावसुद्धा बदललेलं. विवाह प्रमाणपत्र, शपथपत्र, राजपत्रातली नोंद, जे लागेल ते आधी हातात ठेवा. आणि परत येताना तिथलं पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र तिथेच असताना काढून घ्या. पुढची कुठलीही बरी शाळा ते मागते आणि इथे बसून ते मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

---

मयूरेश

वसुधाताई, अगदी हेच म्हणायचं होतं. पहिली दोन वर्षं भारतीय शाळेत काढायची, तिथून बोर्ड बदलायचं. माझं तसंच झालं.

---

नीलिमा

वसुधा, नव्या नियमाचं सांगितलंस, फार चांगलं केलंस. पण मयूरेश, बोर्ड बदलताना तुला कार्यशाळेचा खर्च कुणी दिला? शाळेनं दिला असेल तर तू भाग्यवान. बहुतेकींना स्वतः भरावा लागतो, तोही ज्या पगारातून घरी पैसे पाठवायचेत त्याच पगारातून. आणि दुसऱ्या शाळेत गेलास की तू तिथला लोकल हायर. भत्ते गेले. बोर्ड वरचं, माणूस खालच्या श्रेणीत. माझा राग यावर आहे. शाळा मोठी फी घेते ती वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या जोरावर, आणि त्या शिक्षकाचा दर मात्र त्याचा पासपोर्ट बघून ठरतो.

अनघा, तुझा मुद्दा मी मनापासून मान्य करते. तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता.

---

सुहासकाका

पासपोर्टवरून पगार ठरत असेल तर मग जायचंच कशाला? इथे निदान एका श्रेणीत सगळे सारखे.

---

अनघा

काका, सरकारी श्रेणीत. खासगीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा पगार किती, हे आम्हाला विचारायचीही चोरी आहे.

---

ऑफर आलेली (सुदामा नगर)

ताई, काका, दादा, सगळ्यांचे आभार. मी काल शाळेला मेल करून तीन गोष्टी विचारल्या. मूळ पगार १,८०० च निघाला, ताईंचा अंदाज तंतोतंत. तो वाढवा म्हटलं तर २,२०० पर्यंत येऊ म्हणाले, एकूण आकडा तोच ठेवून. राहायला दोघीत एक खोली. करार पुढे चालू ठेवणार की नाही हे जानेवारीत कळवतील, असं लेखी द्यायला तयार आहेत. प्रोबेशन ६ महिन्यांचं आहे, त्या काळात देश सोडून परत यायचं झालं तर १४ दिवसांची नोटीस.

मी जायचं ठरवलंय. दोन वर्षांसाठी. इथल्या शाळेकडे बिनपगारी रजा मागितली होती, नाही म्हणाले, म्हणजे राजीनामाच द्यावा लागेल. इथे माझा पीएफ सहा वर्षांचा आहे. ऑफिसातले म्हणतात सगळा काढून टाक, तिकडे उपयोगी पडेल. काढू का?

---

मयूरेश

खोलीचं डिपॉझिट वगैरे काही नसेल, शाळेची सोय आहे. पहिल्या पगारापर्यंत हजार-दीड हजार दिरहॅम हाताशी असले तरी भागेल. त्यासाठी पीएफ मोडायची गरज नाही. लागले तर मला कळव, संकोच करू नकोस.

---

नीलिमा

तू जाऊ नयेस असं मला अजूनही वाटतं, पण तू प्रश्न विचारून, लेखी घेऊन निघाली आहेस, याचा फार आनंद आहे. पीएफमधला पेन्शनचा भाग मुळीच काढू नकोस. फॉर्म १०सी भरताना पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट माग. तुझी सहा वर्षं जमा राहतील. परत येऊन जिथे लागशील तिथे ते दिलंस की पुढची वर्षं त्यात मिळवली जातील आणि पेन्शनच्या दहा वर्षांना चारच कमी असतील. राजीनाम्याबरोबर अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपाही मागून घे. शाळा सोडल्यावर ते देताना फार फिरवतात.