‘अर्क’, ‘रस’, ‘काढा’ : प्रयोगशाळेतील लेखनात कोणता शब्द वापरावा?

प्रश्न (रावेर) :
औषधनिर्माणशास्त्राच्या प्रबंधाचा मराठी सारांश मी लिहीत आहे. केळीच्या खोडातील द्रव्यांचा मुतखड्यावर होणारा परिणाम हा विषय असल्यामुळे आमच्याकडचे केळी उत्पादकही तो वाचतील. ‘केळीच्या खोडाचा अर्क उंदरांना दिला’ असे मी लिहिले, तेव्हा मार्गदर्शकांनी ‘अर्क’ या शब्दाखाली रेघ मारली. खोड वाळवून केलेली भुकटी सॉक्सलेट उपकरणात इथेनॉल या द्रावकाने निष्कर्षित करून (म्हणजे त्यात विरघळणारी द्रव्ये वेगळी काढून), द्रावक उडवल्यावर उरलेला घट्ट भाग आम्ही वापरला आहे. त्याला अर्क म्हणावे, सत्त्व म्हणावे की निष्कर्ष?

उत्तर (जळगाव) :
ताई, ‘निष्कर्ष’ प्रथम बाजूला ठेवावा. निष्कर्षण ही क्रिया परिभाषेत रुळली आहे आणि ती वापरावी. परंतु ‘निष्कर्ष’ म्हटल्यावर मराठी वाचक प्रयोगातून निघालेले अनुमान समजतो, आणि आपल्या सारांशाच्या शेवटी त्याच नावाचा परिच्छेद असणारच. ‘सत्त्व’ही येथे बसत नाही. गुळवेलीचे सत्त्व म्हणजे वेल ठेचून पाण्यात कोळल्यावर तळाशी बसणारा, वाळवून ठेवलेला पिठूळ साका होय, आणि तो प्रामुख्याने स्टार्च असतो.

राहिला ‘अर्क’. संस्कृतात अर्क म्हणजे सूर्य आणि रुईचे झाड. वैद्यकग्रंथांतील ‘अर्कक्षीर’ हा रुईचा चीक आहे. आपण वापरतो तो अर्क मात्र घाम या अर्थाच्या अरबी ‘अरक’वरून आला आहे, आणि भांड्याच्या थंड भागावर वाफेचे थेंब जमतात तसे ऊर्ध्वपातनाने मिळालेले द्रव्य हा त्याचा मूळ अर्थ आहे. या अर्थाचे उत्तम उदाहरण खानदेशातच आहे. नंदुरबार, पिंपळनेर या भागांत रोशा गवतावर वाफ सोडून तेल काढण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आला होता. हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि जिरॅनिऑल या सुगंधी द्रव्यामुळे येणाऱ्या त्याच्या गुलाबासारख्या वासामुळे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. वाफेबरोबर उडणारी द्रव्येच अशा अर्कात येतात. आपल्या सॉक्सलेटमध्ये नेमके उलट घडते : तेथे द्रावक उडून पुन्हा थंड होऊन भुकटीवर पडत राहतो, आणि वनस्पतीतील द्रव्ये खालच्या चंबूत साठत जातात.

तरीही आजच्या मराठीत अर्काचा अर्थ इतका विस्तारला आहे की तो टाळण्याचा आग्रह मी धरणार नाही. माझा आग्रह एवढाच आहे की प्रयोगशाळेतील लेखनात ‘अर्क’ हा शब्द द्रावकाचे नाव जोडल्याशिवाय येऊ नये. पेट्रोलियम ईथर मेद, मेण आणि हरितद्रव्य ओढते, पाणी शर्करा व क्षार घेते, आणि इथेनॉलमध्ये अल्कलॉइडे, ग्लायकोसाइडे व अनेक फिनॉलिक द्रव्ये उतरतात. एकाच खोडाचे हे तीन अर्क रसायनदृष्ट्या तीन वेगळे पदार्थ आहेत, आणि त्यांपैकी एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही.

आपल्या विषयात ही काळजी अधिक आवश्यक आहे, कारण रावेर-यावलच्या शेतकऱ्याकडे घड कापल्यावर उरलेल्या खोडांची कमतरता नाही. नुसता ‘अर्क’ वाचून तो खोड पिळून रस पिईल. रसावरही उंदरांमध्ये प्रयोग झालेले आहेत. पण खोडाच्या रसात पोटॅशियम भरपूर असते, आणि ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी झाली आहेत त्याच्या रक्तात ते साठल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इथेनॉलमधील अर्काचे निरीक्षण रसाची शिफारस म्हणून वाचले जाऊ नये, ही जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.

आपल्या वाक्यातील ‘उंदीर’ हा शब्दही तपासावा. सुमारे पंचवीस ग्रॅमचा माऊस आणि दोनशे-अडीचशे ग्रॅमचा रॅट या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या रूढ गणितानुसार रॅटमधील दर किलो 100 मिलिग्रॅम मात्रा माणसात दर किलो सुमारे 16 मिलिग्रॅम होते, तर माऊसमधील तेवढीच मात्रा सुमारे 8 होते. म्हणून विस्टार जातीचे रॅट असतील तर तसेच देवनागरीत लिहावे.

पुरवणी (नंदुरबार) :
वरील विवेचनाशी मी वैद्य म्हणून सहमत आहे. फक्त काढ्याविषयी भर घालतो. पुष्कळ शोधनिबंधांच्या मराठी सारांशांत ‘जलीय अर्क’ आणि ‘काढा’ समानार्थी म्हणून येतात. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथकाराने क्वाथासाठी, म्हणजे काढ्यासाठी, भरड द्रव्याच्या सोळा पट पाणी घालून, मातीच्या भांड्यात आटवून अष्टमांश उरवण्यास सांगितले आहे. त्याशेजारचे इतर प्रकार म्हणजे हिम रात्रभर थंड पाण्यात भिजवून होतो, फांट गरम पाणी ओतून होतो, आणि स्वरस ओली वनस्पती कुटून पिळून काढतात. भुकटी पाण्यात हलवून, गाळून, वाळवलेला जलीय अर्क यांपैकी काहीच नाही. उघड्या भांड्यात उकळताना उडून जाणारे तेल काढ्यात राहत नाही, हेही ध्यानात असावे.

प्रश्नकर्ती (रावेर) :
आपणा दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘पिण्याच्या पाण्यातून इथिलीन ग्लायकॉल देऊन विस्टार रॅटच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे निर्माण केले, आणि त्यांना केळीच्या वाळलेल्या खोडाचा इथेनॉलमधील अर्क तोंडावाटे दिला, खोडाचा ताजा रस या प्रयोगात वापरलेला नाही.’ शेवटचा भाग सारांशाच्या पहिल्याच परिच्छेदात ठेवत आहे.