खापर एकट्या कारखान्यांवर नको

नदी-नाल्यांच्या प्रदूषणावर बोलताना बहुतेकांनी कारखान्यांवरच तोंडसुख घेतलंय. साखर कारखान्यांची मळी, बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांसाठी सूत रंगवल्यावर उरणारं पाणी, हे आहेच. पण बेळगावचा बळ्ळारी नाला बघा. त्यात आपल्याच न्हाणीघरांचं, संडासांचं पाणी. साबण-पावडरीतलं फॉस्फरस आणि मैल्यातलं नत्र खाऊन जलपर्णी माजते, नाला तुंबतो आणि पावसाळ्यात तेच घाण पाणी शहापूर-येळ्ळूरच्या भातात शिरतं. बासमतीचं शिवार हो हे! पुढे नाला मार्कंडेय नदीला मिळतो. आम्ही शेतकरीही काही धुतल्या तांदळाचे नाही. उसाला युरिया ओतायचा, मग त्यातलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतंच. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीचं पाणी कोण तपासून घेतं सांगा?