जावाचा खटला आणि त्या ९ ओळी
ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने २०१० मध्ये जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली त्यात गैर काय, धंदा आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. माझा राग पुढच्या वागण्यावर आहे. त्याच वर्षी त्यांनी जावावरून गूगलवर दावा ठोकला. कशासाठी? गूगलने अँड्रॉइडसाठी जावातून घेतलेल्या सुमारे ११,५०० ओळींच्या घोषणांसाठी (डिक्लरेशन), म्हणजे फंक्शनचं (प्रोग्रॅममधल्या एखादं ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याचं) नाव आणि त्याला काय द्यायचं तेवढं. आतलं काम गूगलने स्वतः लिहिलेलं. शिवाय रेंजचेक नावाचं ९ ओळींचं फंक्शन! दिलेले आकडे यादीच्या हद्दीत आहेत ना, इतकंच ते तपासतं. कॉलेजातली पोरंही असलं सहज लिहितात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६-२ ने गूगलची बाजू उचलून धरली, पण मध्ये जवळपास अकरा वर्षं गेली. सनबरोबर ओरॅकलकडे गेलेल्या ओपनऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मंडळींनी मात्र ओरॅकलला वेळीच ओळखलं आणि २०१० च्या सप्टेंबरातच त्यातूनच निघालेल्या लिब्रेऑफिसची वेगळी चूल मांडली. मराठी मजकुरासाठी मी आजही तेच वापरतो.