फ्रीज ड्रायर घेण्याआधी कशाकशाचा सराव करावा? (फणस, मानकुराद, सुंगटं)

कुळागर_फोंडा
गोव्यात फोंड्याजवळ कुळागर (फळबाग) आहे. फणस, मानकुराद आंबे आणि बोंडू (काजूची फळं) एप्रिल-मेमध्ये एकदम अंगावर येतात, विकून-वाटून उरलेलं कुजतं. घरगुती फ्रीज ड्रायर (माल गोठवून, आतली हवा काढून सुकवणारं मशीन) घ्यायचा विचार चाललाय, पण किंमत काही लाखांत जाते. मशीन आणून मग शिकायचं, असं करायचं नाही. उन्हातली आमसुलं, साटं, फणसाचे पापड घरात होतात. हे काम वेगळं आहे एवढं कळतं. मशीन नसताना यातलं काय शिकता येईल? काप किती जाड ठेवायचे, पूर्ण सुकलं हे कसं ओळखायचं? पावसाळ्यातली हवा आणि लाइट जाणं याचं काय करायचं? सोलकढी आणि सुंगटंही (कोळंबी) मनात आहेत.

वजनकाटा
आधी हिशेब करा, कारण बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो. घरगुती मधल्या आकाराच्या मशीनमध्ये एका घाण्याला ३ ते ४ किलो ओला माल बसतो आणि तो सुकायला २४ ते ४० तास लागतात. शिवाय मालातली वाफ मशीनच्या आतल्या भिंतीवर बर्फ होऊन जमते, तो वितळवायला दोन-तीन तास. दहा किलोचा कापा फणस फोडला की साधारण तीन किलो गरे निघतात. म्हणजे एक फणस, एक घाणा, दीड दिवस. कुळागरात आठवड्याला वीस फणस पडत असतील तर हे मशीन त्यांना पुरं पडणार नाही. निवडक माल काढायला मात्र चांगलं.

आता सराव. ०.१ ग्रॅमचा काटा घ्या, तोच पहिला खर्च. मानकुरादचा २० ग्रॅम रस ताटलीत पातळ पसरा, ओव्हनमध्ये ६५-७० अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर तासाला मोजा. उरलेलं वजन म्हणजे त्या फळातला सुका भाग. आंब्याचा साधारण १७ ते १९ टक्के येतो, गऱ्यांचा २५च्या आसपास. झाड आणि पिकणं यानुसार फरक पडतो, म्हणून आपल्याच फळाचा आकडा वहीत लिहा. ३ किलो रस घातला आणि १८ टक्के सुका भाग असेल तर ट्रेंवर शेवटी ५४० ग्रॅमच्या जवळपास उरायला हवं. ७०० उरलं तर मशीनने काहीही दाखवो, माल ओला आहे.

शेवटची परीक्षा अशी: ट्रे काढा, वजन करा, दोन तास परत चालवा, पुन्हा वजन करा. फरक नसेल तर झालं. सगळ्यात जाड तुकडा मोडून मधला भाग ओठाला लावा. गार लागला तर आत बर्फ आहे.

गरे बी काढून उभे चिरा, १ सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. रस ट्रेमध्ये १ सेंटिमीटरच्या आत. बोंडू गोल चकत्या करून. रस गळतो, म्हणून ट्रेवर बेकिंग पेपर.

पंप_गॅस्केट
यंत्राच्या बाजूने सांगतो. पाण्याचं तापमान ०.०१ अंशाच्या आणि दाब ६११ पास्कलच्या खाली असला की द्रव न होता बर्फाची थेट वाफ होते, शाळेत शिकलेलं संप्लवन ते हेच. घरगुती यंत्रं साधारण ५०० मिलिटॉर (दाबाचं एकक) च्या खाली, म्हणजे ६७ पास्कलच्या आत चालतात. एक किलो बर्फाची वाफ व्हायला सुमारे २,८४० किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ०.८ युनिट वीज. पण कॉम्प्रेसर आणि पंप दीड दिवस चालतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका घाण्याला २५-३० युनिट धरा.

आंब्याचं खरं दुखणं साखर. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर रस दगडासारखा झाला तरी बर्फाच्या मधला साखरेचा पाक घट्ट झालेला नसतो. उसाच्या साखरेला त्यासाठी उणे ३२-३३ अंश लागतात, फळातल्या फ्रुक्टोज-ग्लुकोजला उणे ४०च्याही खाली. तेवढं गार होण्याआधी पंप सुरू केला की रस फसफसून ट्रेबाहेर येतो, नाहीतर आत खचून चिकट चामडं होतं. म्हणून घरी आदल्या रात्री गोठवा, पण मशीनमध्ये घातल्यावर त्याची स्वतःची गोठवण्याची पायरी कधीही वगळू नका. फार गोड रसात १०० ग्रॅमला ५ ते १० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) घातलं तर खचणं कमी होतं. विकणार असाल तर ते लेबलवर लिहावं लागेल.

विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे रिकामं, कोरडं मशीन चालवून दाखवायला सांगा. गार झाल्यावर अर्ध्या तासात दाब ५०० मिलिटॉरखाली गेला पाहिजे. जात नसेल तर आधी दाराचं गॅस्केट (हवाबंद करणारी रबरी कड) बघा. एक केस किंवा फळाचा कण पुरतो. मग पंपाचं तेल. काचेतून ते दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. गाळा किंवा बदला. साध्या तेलाच्या पंपात हे दर चार-पाच घाण्यांनी करावं लागतं. घाणा संपल्यावर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून वीसेक मिनिटं पंप चालवला तर तेलातलं पाणी बरंच निघून जातं. तेल बदलणं विक्रेत्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करा.

नामफलकावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना हे बघाच. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून चालवलं तरी फ्रिक्वेन्सी ५०च राहते, मोटर सहाव्या हिश्शाने मंदावते आणि तापते.

लाइट पाच मिनिटं गेली तर सहसा निभावतं. अर्धा तास गेली तर भिंतीवरचा बर्फ पाझरतो, आणि अर्धवट सुकलेला आंबा पाघळला की तो सावरता येत नाही. दिवे-पंख्याच्या इन्व्हर्टरवर हे चालणार नाही. सुरुवातीची ओढच दीड किलोवॅटच्या आसपास असते. जनरेटर नसेल तर वादळी पावसाच्या दिवसांत घाणा लावू नका. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत मशीन ठेवू नका. आपल्याकडे फळ आणि उकाडा एकदमच येतात. खोली २७ अंशांच्या वर गेली की कॉम्प्रेसर धापा टाकतो.

पाकीटबंद
वरच्या दोघांनी सुकवण्याचं सांगितलं. आपल्या हवेत माल खरा बिघडतो तो नंतर. जुलैमध्ये आर्द्रता ८०-९० टक्के असते. उघड्या ट्रेमधला कुरकुरीत गरा पाव तासात मऊ पडायला लागतो. हा धडा मशीनशिवाय पूर्ण शिकता येतो.

फ्रीज ड्राय फळाचं १०० ग्रॅमचं पाकीट विकत आणा. चार भाग करा: झाकणाची बरणी, झिप पिशवी, साधी व्हॅक्यूम पिशवी आणि ॲल्युमिनियमच्या थराची मायलार पिशवी ऑक्सिजन शोषकासह. प्रत्येकाचं वजन करा, पावसाळ्यात महिनाभर स्वयंपाकघरात ठेवा, मग फोडून परत वजन करा. वाढलेले ग्रॅम म्हणजे आत शिरलेलं पाणी. पारदर्शक व्हॅक्यूम पिशवीतूनसुद्धा ओल जाते, हे तेव्हा पटतं.

एक लिटरच्या मायलार पिशवीला ३०० सीसीचा शोषक पुरतो. सील किमान ८ मिलिमीटर रुंद हवं. सील करायच्या जागी आंब्याची पूड लागली तर ते धरत नाही, फडक्याने पुसून घ्या. पिशव्या एसी लावलेल्या खोलीत भरा, एका वेळी एकच ट्रे बाहेर.

माल पुरता सुकलेला नसताना ऑक्सिजन शोषक घालून बंद केला तर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंना हवी तशी जागा मिळते. म्हणून वजनाची परीक्षा झाल्याशिवाय पिशवी बंद करायची नाही. फ्रीज ड्राय केल्याने जंतू मरतही नाहीत, ते झोपलेले असतात. सुंगटं सोलून, शिरा काढून, पूर्ण शिजवूनच घाला.

कुळागर_फोंडा
काटा आजच मागवतो. सोलकढीचं काय? आणि बांगडा?

वजनकाटा
बांगडा नको. त्यातलं तेल उडत नाही, तसंच राहतं आणि खवट होतं. सुंगटांत चरबी जेमतेम एक टक्का, म्हणून ती छान सुकतात. नारळाच्या रसाचंही तेच, पूड तेलकट होते आणि लवकर वास मारते. सोलकढीतलं मीठ घातलेलं आगळ (कोकमाचा रस) तर घरच्या फ्रीजरमध्ये नीट गोठतच नाही, मिठाचं पाणी पूर्ण गोठायला उणे २१ लागतात. आमसुलाला आपलं ऊन पुरतं. मशीनचे तास फणसाला ठेवा.

पंप_गॅस्केट
आणखी एक. जॉबवर्कने, म्हणजे आपला माल पैसे घेऊन फ्रीज ड्राय करून देणारे कारखाने असतात. पाचेक किलो गोठवलेले गरे तिथून करून आणा, आपल्या फळाचा रंग-चव कळेल. जुन्या गोव्याच्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेत आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) प्रशिक्षणाची चौकशी करा. गरे नेताना थर्मोकोलच्या पेटीत कोरडा बर्फ (ड्राय आइस) घाला. वाटेत एकदा वितळून परत गोठलेला गरा सुकल्यावर भुसभुशीत होतो.