नकाशात एक, हातात एक : तुमच्या घरात काय बदललं?

कपाट आवरताना आमच्या घराचा जुना नकाशा सापडला. घड्यांवर फाटलाय. बाहेरच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी बाबांनी पेन्सिलीने छोटा चौकोन काढलाय, त्यांच्या खुर्चीचा. ५ फुटी खिडकी ठरली होती. ताबा घ्यायला गेलो तर तिथे सलग भिंत. 'पाइपांची डक्ट तिकडून न्यावी लागली' एवढंच उत्तर मिळालं. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची मात्र त्याच भिंतीशी ठेवली, शेवटपर्यंत. तुमचं काय बदललं, आणि कळलं कधी?

—

जिना! सगळ्या पायऱ्या साडेसहा इंची, सगळ्यात वरची साडेआठ. वरच्या मजल्याच्या फरशीची जाडी धरायचीच राहिली. आई तिथेच दोनदा पडता पडता वाचली. पायाला मापाची सवय होते हो, एक पायरी वेगळी आली की तोल जातो.

—

खुर्चीचं वाचून गलबलून आलं. माझं लिहिते, लेकाला झोपवून येते.

—

खोली लहान भरली म्हणून भांडायच्या आधी बघा, नकाशातलं माप बरेचदा विटेपासून विटेपर्यंत असतं. दोन्हीकडचा गिलावा धरला की इंचभर जातोच. आमची १० फुटांची खोली ९ फूट ५ इंच भरली. एक इंच गिलाव्याचा. उरलेले सहा कुठे गेले ते मिस्त्रीलाही सांगता येईना. दोन्ही कर्णही मोजा. सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि ते फरशी बसवताना दिसतं, कडेचे तुकडे तिरके कापावे लागतात.

—

कर्णाला अनुमोदन. कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४, खुणांमधलं अंतर ५ यायलाच हवं. आम्ही विटांचे दोनच थर झाले असताना तपासलं म्हणून दुपारभरात निघालं. स्लॅब पडल्यावर काही हलत नाही.

—

हो ना. आमची मधली भिंत स्लॅबनंतर सरकवली, पंख्याचा हुक जुन्याच जागी. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळया आणि वायरिंगच्या नळ्यांचे फोटो काढून ठेवा, फार उपयोगी पडतात.

—

झोपला का लेक? आमची अजून जागीच.

—

झोपला एकदाचा. आमच्या बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे यायचं. नकाशात उताराचा बाण जाळीकडे काढलेला, तोच दाखवून फरशी उखडायला लावली. आठवडाभर आंघोळी शेजारच्या काकूंकडे. त्यांनी आपणहून किल्ली आणून दिली होती.

—

त्या पूर्वेच्या भिंतीत आता खिडकी काढता येईल का? डक्ट दोनच फूट रुंद आहे, बाजूला ३ फूट मोकळी भिंत उरते.

—

कॉलम कुठे आहे आणि बीम किती खाली येतो ते आधी बघा, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फोटो टाका ना भिंतीचा.

—

सकाळी टाकते. उजेडात.